राजहंस आधी कुणी पाहिला?

फाल्गुन आला, तळ्याकाठच्या बागेत पळस लालेलाल फुलला आणि थंडीला पाहुणे आलेले पक्षी उत्तरेला आपल्या घरी निघाले. त्या बागेची एक रीत होती बरं का! जे मूल एखादा पक्षी सगळ्यांच्या आधी पाहून सांगेल, त्याचं नाव राखणदार तुकामामा त्या पक्ष्यापुढे फळ्यावर लिहीत. अकरा पक्ष्यांपुढे एकच नाव होतं, ईशानी. उरला होता फक्त राजहंस.

फाटकाशी गजरे विकणाऱ्या बाईंची गोदू तशी मायाळू पोर. पण तो फळा दिसला की तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. "तिच्याकडे दुर्बीण आहे म्हणून! माझ्याकडे काय आहे?" आज तर तिला रडूच फुटलं. तरी वाटेत पडलेलं चिमणीचं पिल्लू तिनं अलगद घरट्यात ठेवलंच.

तोच पळसाच्या फुलातून बोटभर परी बाहेर आली. केशरी झगा, चमचमते इवलेसे पंख! "गुणाची गं बाई! माग काय हवं ते. पण एकच हं."

"ईशानीपेक्षा मोठी दुर्बीण!"

"दिली. पण नियम ऐक. मनात जे ठासून भरलेलं असेल, तेच ती आधी दाखवते."

गोदूनं दुर्बीण डोळ्यांना लावली. पाण्यावर ईशानी, आभाळात ईशानी, झाडावरही ईशानी!

"मेली इथंही पाठ सोडत नाही!" गोदू चरफडली. मग नीट पाहते तो काय, खरीखुरी ईशानी काठाच्या चिखलात रडत बसलेली. तिच्या कुशीत राजहंस, त्याच्या पायाला गळाचा दोरा करकचून गुंतलेला.

आत्ता धावत जाऊन मामांना सांगितलं की नाव आपलं! गोदू फळ्याकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मग थबकली. "जळलं मेलं ते नाव!" म्हणत ती चिखलाकडे पळाली.

गजऱ्यांच्या दोऱ्यात वाढलेली तिची बोटं. एकेक गाठ भराभर सुटली आणि राजहंस आपल्या थव्यात उडाला. गोदूनं दुर्बीण लावली. राखाडी पंख, पिवळ्या चोची, डोक्यावर काळे पट्टे, सगळे राजहंसच राजहंस!

"तुकामामा, गोदूनं राजहंस सोडवला! तिचंच नाव लिहा!" ईशानी ओरडली. मामांनी लिहिलं, आणि ईशानीचं तोंड मात्र एवढंसं झालं.

गोदूनं आपली दुर्बीण तिच्या हातात दिली. "घे, बघ."

"अय्या! यात तर सगळीकडे तूच दिसतेस!"

गोदू खदखदून हसली. "दिसू दे गं. थोडा वेळ बघत राहा, मग राजहंस दिसतील."

परीनं टाळ्या पिटल्या आणि झगझगीत केशरी उजेड होऊन ती विरून गेली. दोघी तिथंच खेटून उभ्या राहिल्या.