प्लेटवरचा हात

“हे बिटपण मोडलं. आता तं सांगा भन्ते, स्पीड कितीवर ठेवू?”

प्रशिकने मशीन बंद केलं. भन्ते शीलरत्नांनी कापायच्या मोडक्या बिटचा तुकडा चिमट्याने उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

वैनगंगेकाठच्या त्या विहारामागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे भन्ते कृत्रिम पाय दुरुस्त करतात. शेड भन्त्यांची, पण कापायचं मशीन प्रशिक गजभियेचं. लाकडात नावाच्या पाट्या कोरायला त्याने ते एकेक पट्टी, एकेक मोटर जमवून स्वतः बांधलं होतं आणि महिन्यापूर्वी टेम्पोत घालून इथे आणलं होतं. ज्याने आपलं मशीन आपल्या हाताने बांधलं त्याला जगात गुरू सापडणं कठीण. प्रशिकला सापडला होता, पण अजून पटला नव्हता.

बाहेर बाकावर शेवंता उईके बसली होती. शेजारी कुबड्या, मांडीवर तिचाच काढून ठेवलेला पाय. त्याच्या घोट्याजवळची ॲल्युमिनियमची प्लेट तडकली होती. शेवंता गावच्या शाळेत खिचडी रांधते, आणि कुबड्यांवर उभं राहून पातेलं उतरवता येत नाही.

“मास्तर म्हणते, सोमवारी पायावर उभी दिसली नाही तं दुसरी बाई लावतो,” तिने सकाळी आल्या आल्या सांगितलं होतं.

आज शनिवार. तिच्या गावाची एकुलती एक एसटी चारला सुटायची.

शेडमध्ये कडक ॲल्युमिनियमचा शेवटचा पत्रा उरला होता, शाळेच्या पाटीएवढा. त्याचे दोन कोपरे प्रशिकने आधीच नासवले होते. आता त्यातून एकच प्लेट निघणार होती.

“चार धारांचं बिट हाय, भन्ते. याच्याहून भारी नागपुरात मिळत नाही.”

“चार धारा.”

“हो.”

“मग कापलेला माल बाहेर कुठून पडेल?”

प्रशिकने तुकड्याकडे पाहिलं. धारांमधल्या खाचा ॲल्युमिनियमने गच्च भरल्या होत्या, सोऱ्याच्या भोकांत पीठ अडकावं तशा.

भन्त्यांनी खोक्यातून दुसरं बिट काढून त्याच्यापुढे ठेवलं. एक धार, एकच रुंद खाच.

“हे? याला तं एकच धार हाय.”

“लाव. बाहेर कमी काढ.”

प्रशिकने ते बिट जेमतेम टोक दिसेल इतकं आत सरकवून आवळलं.

“आणि स्पीड?”

भन्त्यांनी मशीनच्या बटणांकडे बोट केलं.

मशीनला दोन बटणं होती. एकाने बिट किती जोरात फिरायचं ते ठरे. दुसऱ्याने ते किती वेगाने पुढे सरकायचं ते. फिरण्याचं बटण प्रशिकने शेवटपर्यंत चढवलं होतं. सरकण्याचं, दरवेळी बिट मोडलं की, आणखी खाली आणलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचा प्रशिक तर आता पाणीसुद्धा फुंकू लागला होता.

“इतकं जपून चालवून राहिलो, भन्ते. याच्याहून हळू चालवताच येत नाही.”

“ते दिसतंय.”

“मग काऊन मोडते?”

“बोटाला काय झालं?”

प्रशिकने हात मागे घेतला. “पत्र्याला लागलं. तापला होता.”

भन्त्यांनी कापलेल्या खाचेजवळची करडी भुकटी चिमटीत घेतली आणि त्याच्या तळव्यावर सोडली.

“आणि ही?”

“थंड.”

“उलटं झालं,” भन्ते म्हणाले. “ताप कापलेल्या मालाबरोबर बाहेर पडायला हवा.”

प्रशिकला राग आला. बाहेर एक बाई काम जाण्याच्या घोरात बसलेली, घड्याळात दोन वाजून गेलेले, आणि इथे म्हातारबुवा कोडी घालतायत. खरं सांगायचं तर त्याचा राग खोटा नव्हता. तिथे मी असतो तर मीही चिडलो असतो.

“मला आकडा सांगा, भन्ते. फक्त आकडा. लगेच कापतो.”

“फिरणं अर्ध्यावर आण. एका फेरीत नखाच्या जाडीएवढंच खोल जा.”

“अन् सरकणं?”

भन्त्यांनी चीवराचा पदर कमरेला घट्ट खोचला. चष्म्यावर गॉगल चढवला. मग पत्र्याच्या नासलेल्या कोपऱ्यावर, बिटपासून वीतभर लांब, आपला डावा तळहात टेकवला.

“सरकणं तू ठरव.”

“भन्ते, हात…”

“पत्रा तापला तर मला कळेल. कर सुरू.”

बिटला ॲल्युमिनियम चिकटू नये म्हणून प्रशिकने रॉकेलचे थेंब सोडले. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने फिरणं अर्ध्यावर आणून मशीन सुरू केलं, आणि सवयीने सरकण्याचं बटण तळाशी नेलं. आता तर जपायलाच हवं होतं, म्हाताऱ्या माणसाचा हात तिथे होता.

बिट पत्र्यात उतरलं आणि किंचाळलं.

बारीक भुकटी उडू लागली. बिट पुढे जात होतं की जागेवरच घासत होतं, सांगता येत नव्हतं. रॉकेलचा धूर निघाला.

भन्त्यांचा हात हलला नाही. गालाखालचा एक स्नायू मात्र ताठ झाला.

“हात उचला, भन्ते!”

भन्त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“भाजते ना!”

“हो.”

आवाज ऐकून शेवंता कुबड्या टेकत दारात आली. पत्र्यावरचा हात पाहून तिथेच थांबली.

प्रशिकची बोटं मशीन बंद करायच्या लाल बटणापाशी गेली. बंद केलं असतं तर बिट खाचेतच चिकटलं असतं. मग हा पत्राही गेला, आणि सोमवारही गेला. त्याने बंद केलं नाही. सरकण्याचं बटण आणखी खाली करायला हात वळला, पण ते खाली जाणारच नव्हतं. तळ आला होता.

त्याने भुकटीकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग त्याने बटण वर फिरवलं.

किंकाळी बसली. बिट गुरगुरलं.

“अजून.”

“मोडंल, भन्ते!”

“अजून.”

त्याने दात आवळले आणि फिरवलं. मशीनची चौकट थरथरली. भुकटी थांबली आणि चकाकते छिलके उडू लागले, गव्हाच्या कोंड्याएवढे. एक छिलका भन्त्यांच्या मनगटावर बसला, चटका लागला. त्यांनी तो झटकलाही नाही.

“बस. असंच ठेव.”

फेरीमागून फेरी झाली. प्रशिक ब्रशने छिलके ढकलत होता, रॉकेल सोडत होता. त्याचं लक्ष आता बटणाकडे नव्हतं, आवाजाकडे होतं. शेवंता दारातच उभी होती. शेवटच्या फेरीला बिट वर उचललं गेलं तेव्हा प्रशिकने पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

भन्त्यांनी हात उचलला. पत्र्यावर घामाचा ओला पंजा उमटला होता.

प्रशिकने घाईने त्यांचा तळवा उलटा करून पाहिला. लाल झाला होता. फोड नव्हता. मग त्याने पत्र्याला बोट लावलं. कोमट…

“भन्ते, भीती नाही वाटली?”

“वाटली.”

तो आणखी काही विचारणार होता. भन्त्यांनी कानशी त्याच्या हातात दिली.

कडा घासल्या. भोकं एकेक तपासली. स्क्रू बसले, एकही डुगडुगला नाही. प्रशिकने शेवंताला पुन्हा बाकावर बसवलं, तिच्यापुढे गुडघे टेकून पाय चढवला, पट्टे आवळले.

“उठा, ताई.”

शेवंता उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते. आधीची प्लेट ऐन चुलीपुढे तडकली होती, उकळतं पातेलं हातभर लांब होतं. ते ती विसरली नव्हती. तिने सगळा भार चांगल्या पायावर घेतला आणि नवा पाय नुसता जमिनीला लावून ठेवला.

प्रशिकने झटकन तिचा दंड धरला.

“हळू, ताई. हळू. मी हाय.”

ती त्याच्या अंगावर रेलली. दोघं तशीच उभी राहिली. ना ती पाऊल टाके, ना तो तिला सोडे. रस्त्याच्या वळणावर एसटीचा हॉर्न ऐकू आला.

“चल, बाई,” भन्ते म्हणाले.

“पडीन मी, बाबाजी.”

प्रशिकने पकड आणखी घट्ट केली. “एवढी घाई काऊन, भन्ते? पडली तं?”

भन्ते त्याच्यापुढे येऊन उभे राहिले.

“प्लेट कोणी कापली?”

“मी.”

“मग सोड तिला.”