तिसरी फळी

एका गावात एक कालवा होता, कुठल्याशा जुन्या राजाने खोदलेला. त्यावर एक माणूस जाईल एवढाच लाकडी साकव. साकवाची तिसरी फळी कधीचीच मोडून पडली होती. तिथे नुसती पोकळी, आणि खाली पाण्याची ओढ.

पण गावाला त्याचं काही नव्हतं. लेकरू चालायला लागलं की त्याला शिकवायचे, "तिसरी सोड, चौथी धर!" पाहुण्यांनाही कौतुकाने सांगायचे.

तिथे एक कुंभारीण होती. तिच्या कडेवर तान्हं, म्हणून पाच वर्षांची थोरलीच पलीकडे भट्टीवर बापाची भाकरी न्यायची. ती परत येईपर्यंत आई काठावर जीव मुठीत धरून उभी.

तीनदा ती चावडीवर गेली. "पाटीलबाबा, फळी बसवा. पोरीची टांग पोचत नाही हो."

"फळी आणू कुठून? गावात लाकूड आहे का?" पाटील म्हणाले. "आम्ही नाही का उड्या मारून मोठे झालो?"

"हिची पोर राजकन्या लागून गेली!" मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले.

एका सकाळी पोरीची उडी चुकली. ती पोकळीत गेली आणि चौथ्या फळीला लोंबकळली. तान्ह्याला गवतात टाकून आई धावली, दंडाला धरून तिला वर ओढलं. भाकरी वाहून गेली.

लोक जमले. "पोरीचं ध्यान नव्हतं." "आईनेच नीट शिकवलं नाही."

हे ऐकलं आणि कुंभारीण पेटली. दोन्ही लेकरं घेऊन थेट चावडीवर. पाटील दोन दगडांवर टाकलेल्या सागवानी फळीवर ऐसपैस बसले होते.

"उठा."

"काय?"

"उठा म्हणते ना! गावात लाकूड नाही? मग बुडाखाली काय आहे तुमच्या?"

पाटील उठले. का उठले, त्यांनाच कळलं नाही. तान्हं पोरीच्या मांडीवर देऊन तिने फळी डोक्यावर घेतली. या वेळी कोणी हसलं नाही. सुतार खिळे घेऊन मागे निघाला.

फळी बसली. तरी सवयीने सगळे उडीच मारत होते. पाटीलसुद्धा.

पोर मात्र तिसऱ्या फळीवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. म्हणाली, "पाटीलबाबा, ठेवा की पाय. तुमचीच आहे."

तात्पर्य: मोडकं ओलांडायला शिकवणं हे शहाणपण नव्हे. लेकराची टांग मोजण्याआधी आपण कशावर बसलोय ते बघावं.