तांदळाच्या दाण्याएवढी जागा

एका पेठेत तावदानं बसवणारा एक कारागीर होता. काच कापताना ती चौकटीपेक्षा चारही बाजूंनी तांदळाच्या दाण्याएवढी कमी ठेवायची आणि राहिलेली जागा मऊ लांबीने, म्हणजे काच पक्की करायच्या लगद्याने, भरायची, ही त्याची पद्धत. त्यासाठी तो खिशात चार दाणे बाळगायचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढे पेठेत दुसरा कारागीर आला. त्याची काच इतकी चपखल बसे की लांबीची रेघही दिसत नसे. लोकांना काय, नेटकं दिसलं की झालं.

पहिल्याच्या शेजारी एक विणकर राहत असे. लेकीच्या लग्नासाठी तो वर्षभर स्वतःच्या हाताने शालू विणत होता. ज्येष्ठात त्याने मागाच्या वरच्या खिडकीला काच बसवायला शेजाऱ्याला बोलावलं.

"फट मात्र नको रे," विणकर म्हणाला. "रेशमाला धूळ लागेल. त्या नव्यासारखी घट्ट बसव. का तुझ्या हाताला जमत नाही?"

ते कारागिराला झोंबलं. लाकडाचं काय ते दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण ती सबब वाटेल, म्हणून तो गप्प राहिला. दाणे खिशातच राहिले आणि काच चौकटीच्या नेमक्या मापाची कापली गेली.

"आता कशी बसली," विणकर म्हणाला. कारागिराला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

आषाढात झड लागली. नव्याची तावदानं एकेक करून तडकली, पण तो केव्हाच पेठ सोडून गेला होता. एका दुपारी विणकराची चौकटही फुगली. काच फुटून मागावर ताणलेल्या रेशमावर कोसळली. पदर तेवढा विणायचा राहिला होता. सगळा शालू चिरला गेला.

"तुझी काय चूक?" विणकर म्हणाला. "मीच घट्ट बसव म्हणालो."

त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला ठाऊक होतं," कारागीर एवढंच बोलला.

विणकराने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तुटके धागे गोळा करायला घेतले.

मार्गशीर्षात मुलगी बाजारातल्या साडीत बोहल्यावर उभी राहिली. कारागिराच्या हातातही कुणीतरी अक्षता दिल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तळहातावरच्या दाण्यांकडे बघत राहिला. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, त्याचा हात काही वर गेला नाही.

तात्पर्य: लोक कमी लेखतील या भीतीने जाणत्याने तोंड मिटलं, तर नुकसान दुसऱ्याचं होतं आणि रुखरुख जन्मभर त्याच्यापाशी राहते.