हाताला न लागणारी घंटा

एका राज्यात पोरक्या मुलांसाठी राजाने एक घर बांधले होते. त्याच्या दारात सोन्याची घंटा होती. ज्या मुलाला दुःख होईल त्याने ती वाजवावी, राजा स्वतः धावून येईल, अशी आज्ञा होती. सात वर्षे घंटा वाजली नव्हती, आणि राजा हे मोठ्या अभिमानाने सांगत असे.

घराचा पालक होता कृपासिद्ध. त्याचे केस दर वर्षी आणखी काळे होत. दर चैत्रात राजाच्या वतीने गदाधरशास्त्री तपासणीला जात. पाच शास्त्रे शिकलेला, पण दाराची कडी लावली की नाही हे तीनदा पाहणारा म्हातारा. कृपासिद्धाच्या शेजारी बसून ते एकेका मुलाला विचारत, "सुखी आहेस ना?" मूल म्हणे, "हो." शास्त्रीबुवा वहीत 'सुखी' लिहीत आणि निघताना कृपासिद्धाला विचारत, "तेल कोणतं लावता हो?"

आठव्या तपासणीच्या आदल्या सकाळी एक मैना त्यांच्या पोथीवर येऊन बसली.

"मला ओळखलंत, शास्त्रीबुवा?"

"नाही बाई."

"मी तानी. गेल्या चैत्रात माझ्या नावापुढे तुम्ही 'सुखी' लिहिलंत."

"पण तू हो म्हणालीस."

"तो शेजारी बसला होता."

मग मैनेने सारे सांगितले. त्या घरात मुलाने दुःखाचा शब्द तीनदा गिळला की ते पाखरू होते. माडीवर पिंजऱ्यांत अकरा पाखरे आहेत. ती गायली की कृपासिद्धाचे वय उतरते. बाराव्या पिंजऱ्याची कडी तो लावायला विसरला, म्हणून तानी सुटली. "तिथल्या सगुणीने शब्द दोनदा गिळलाय. उद्या तुम्ही विचाराल, की तिसऱ्यांदा गिळेल."

"माझ्याच विचारण्यानं? मग मी करू तरी काय?"

"तीन गोष्टी. वर्दी न देता जा. तिच्याएवढे व्हा. विचारा, आणि गप्प बसा."

"तिसरी कठीण दिसते."

"तुम्हाला कठीण. म्हणून शेवटी ठेवली."

शास्त्रीबुवा तडक निघाले. कृपासिद्ध नदीवर गेला होता. दारात सगुणी तांदूळ निवडत होती. तिच्या मानेवर राखी पीस उगवले होते. तिच्याएवढे होण्यासाठी शास्त्रीबुवा जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले, आणि त्यांची नजर वर गेली. घंटा फार उंच होती. राजाने ती स्वतःच्या हाताने टांगली होती, स्वतःच्याच हाताला लागेल अशी.

"वाजवता येते का गं तुला?"

"नाही. पाटावर चढून पाहिलं. मग त्यांनी घरातले सगळे पाट उचलून नेले."

"तुला इथे काय त्रास आहे?"

एवढे विचारून शास्त्रीबुवा गप्प बसले. पाचही शास्त्रे जिभेवर येऊन परत गेली. एका मुंगीने तांदळाची कणी उंबऱ्यापलीकडे नेली. तेवढ्यात ओल्या धोतराने कृपासिद्ध आला.

"उद्या येणार होतात ना, शास्त्रीबुवा? ही पोर लबाड आहे बरं."

"आपण बाहेर थांबा. ती बोलते आहे."

"तिनं तोंडही उघडलं नाही."

"मला घाई नाही."

शास्त्रीबुवा दोघांच्या मध्ये सरकून बसले. सगुणीचा गळा हलला. ती हळूच म्हणाली, "ते आम्हाला माडीवर कोंडतात. आणि म्हणतात, सांगितलंत तर राजा तुम्हालाच हाकलून देईल."

"तू सांगितलंस ते खरं आहे, बाळ. यात तुझी काही चूक नाही."

घंटा आपोआप वाजली. माडीवरून अकरा मुले उतरली, आणि बाहेरच्या झाडावरून तानी. कृपासिद्धाचे केस क्षणात पांढरे झाले. त्याला पळताही येईना. घंटा ऐकून धावत आलेल्या राजाच्या शिपायांनी त्याला धरून नेले.

राजा अनवाणी आला. वर पाहून म्हणाला, "ही मीच टांगली."

"आणि मी सात वर्षं तिच्याखालून गेलो," शास्त्रीबुवा म्हणाले.

सर्वांत धाकट्या मुलाला उभे करून, त्याच्या खांद्याच्या उंचीवर घंटा पुन्हा टांगली. पहिल्याच दिवशी ती एकोणीस वेळा वाजली. त्यातल्या अठरा वेळा उगाच.

राजा एकोणीस वेळा आला.

त्यांची घंटा त्यांच्या हाताला लागली, तशी सगळ्या लेकरांची लागो.