राक्षसाने रंग कुठे लावला

ऐका हं. एक होता राजा. त्याला होती तीन वर्षांची लेक, कुंदा. त्या राज्यात गिरजाकाकूंची नाटकमंडळी होती. तिच्यात राक्षस व्हायचा रवळू. तो गरजला की मोठमोठे बाप्येसुद्धा दचकायचे, बरं का.

एकदा राजा म्हणाला, "गिरजाबाई, माझ्या कुंदासाठी आणि गावातल्या सगळ्या चिमुरड्यांसाठी खेळ करा. तीन दिवस देतो. पोरं रमली नाहीत, तर माझ्या राज्यात तुमचा खेळ कायमचा बंद!"

मग पहिल्या दिवशी काय झालं? देवळाच्या मंडपात चाळीस पोरं बसली. रवळूने मशालीवर राळ फेकली. भक्कन जाळ झाला. रवळू गरजला आणि चाळीसही पोरांनी भोकाड पसरलं. एकाने तर राजाच्या मांडीवरच शू केली!

मग दुसऱ्या दिवशी काकूंनी राक्षसच काढून टाकला. नुसते ऋषी आले आणि बोलतच बसले. रडलं कुणी नाही, पण बघितलंही नाही कुणी. एक पोर रांगत गेलं आणि ऋषींची दाढी ओढून घेऊन आलं.

राजा म्हणाला, "आता एकच दिवस उरला."

काकू विचार करत बसल्या. मोठ्यांना ठाऊक असतं, की राक्षसाच्या आत रवळू आहे. पण या पिल्लांना कोण सांगणार?

मग तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "रवळू, आज रंग पोरांसमोर बसून लाव."

रवळू उडालाच. "काकू, अहो, राक्षसाचं तोंड आधी कुणाला दाखवत नाहीत! माझ्या आजोबांनीसुद्धा कधी दाखवलं नाही."

"तुझ्या आजोबांपुढे दुधाचे दात घेऊन कोण बसलं होतं? जा, आरसा घे."

मग रवळू मंडपाच्या मधोमध बसला. गाल काळे केले. भुवया जाड केल्या. पोरं हळूहळू जवळ सरकली. कुंदाने वाटीत बोट बुडवलं आणि त्याच्या नाकावर लाल टिपका दिला. मग मिशा लावल्या. त्या तिने वाकड्या लावल्या, पण रवळूने तशाच राहू दिल्या.

मग तो उठला. हळूच म्हणाला, "गरजू का?"

"नको!"

"थोडंसं?"

कुंदाने विचार केला. "थोडंसंच हं."

"हुं," रवळू म्हणाला.

पोरं खुदखुदली. "अजून!"

"हुंऽऽ!"

"अजून!"

मग तो असा गरजला, की मंडपावरची कबुतरं उडाली. पण रडलं का कुणी? छे! कुंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि त्याच्याहून मोठ्याने गरजली. मागोमाग चाळीस पोरं गरजली. राक्षस जो पळत सुटला, तो थेट वेशीपर्यंत! पोरं मागे, राक्षस पुढे आणि सगळ्यांच्या मागे टाळ्या वाजवत राजा.

राजाने तिथेच दवंडी पिटवली, "गिरजाबाईंचा खेळ दर वर्षी होणार. पुढची जागा चिमुरड्यांची, आणि राक्षस रंग लावणार तो त्यांच्यासमोरच!"

मग काकू, रवळू, कुंदा, सगळे आनंदात राहिले. तुम्हीही राहा. आता डोळे मिटा पाहू. गरजायचं ते सकाळी.