वाकड्या काट्याचा न्याय

आटपाट प्रयोगशाळेत एक तराजू होता. समान वाटणीचा त्याला भारी अभिमान. एकदा लोखंडाच्या कणांची गंधकाच्या कणांशी लग्नं ठरली. तराजूने दोन्हीकडे छप्पन्न-छप्पन्न ग्रॅम तोलले. काटा अगदी मधोमध!

दिव्याच्या आचेवर लग्नं लागली, पण बरंच गंधक बिनलग्नाचं उरलं.

तराजू चक्रावला. "अहो, मी तर गुंजभरही फरक केला नाही!"

"तिथंच घोळ झाला, तराजूदादा," गंधक कुरकुरलं. "लग्नात डोकी मोजतात. लोखंडाचा कण जड, आमचा हलका. सारख्या वजनात आमची डोकी जास्त भरली. छप्पन्न ग्रॅम लोखंडाला आमचे बत्तीस ग्रॅम पुरेत."

तराजूला काही ते पटेना. तरी पुढच्या खेपेला त्याने गंधकाने सांगितलं तसंच तोललं. काटा कलला, तराजू लाजला. पण मांडवात बिनजोडीचं कुणी उरलं नाही.

कललेल्या काट्याकडे तो अजून गोंधळून बघतो. सरळ मात्र करत नाही.