दुसऱ्या जागेवरची हंसी

हिमालयापलीकडच्या एका निळ्या सरोवरावर हंसांचा एक थवा राहत असे. हिवाळ्यात सरोवर गोठू लागले की सारा थवा पर्वत ओलांडून दक्षिणेला येई आणि विदर्भातल्या भातशेतीजवळच्या एका मोठ्या तलावावर उतरे. थव्याचा नायक अनुभवी होता. खिंडीतले वारे त्याला पाठ होते. त्याच्या उजव्या पंखामागे, दुसऱ्या जागेवर, तीक्ष्ण नजरेची एक हंसी उडत असे. पण मुलांनो, उडताना नायकाला कोणी काही सांगायचे नाही, अशी त्या थव्याची जुनी रीत होती.

एका वर्षी खिंडीत ढग दाटून आले. नायक हळूहळू डावीकडे सरकत चालला होता आणि त्याचे त्यालाच ते कळत नव्हते. ढगांच्या फटीतून हंसीला बर्फाचा कडा दिसला. पण नायक चुकतो आहे, असे म्हणायचे तरी कसे? ती हळूच म्हणाली, "आज या बाजूला गारवा जरा जास्तच वाटतोय, नाही का?"

"पर्वतावर गारवा असायचाच. गप्प उड," नायक म्हणाला.

हंसी त्याच्यामागे तशीच उडत राहिली. बघता बघता कडा समोर उभा ठाकला. नायक जिवाच्या आकांताने वळला, पाठोपाठ हंसीही वळली. पण मागच्या रांगेला वळायला जागाच उरली नाही; ती कड्यावर आदळली. त्या रांगेत हंसीचा भाऊ होता आणि नायकाची सहचरीही होती.

थवा तलावावर उतरला, तेव्हा कोणीही चाऱ्याला तोंड लावले नाही. नायक हंसीजवळ आला. "तुला कडा दिसला होता?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. पण तुम्हाला राग येणार नाही अशा शब्दांत सांगितलं, आणि त्या शब्दांत कडा आलाच नाही." एवढे बोलून हंसी रडू लागली. नायकाने मान खाली घातली. आपण तिला गप्प केले होते, हे त्याला आठवत होते.

त्याच तलावाकाठी सारसांची एक जोडी राहत असे. एकाने हाक दिली की दुसऱ्याने लगेच साद द्यावी, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. नायक सारसीकडे गेला आणि म्हणाला, "आम्हालाही अशी साद द्यायला शिकव."

सारसी म्हणाली, "तुमच्या पंखांत काही उणं नाही. पण तुम्ही एकेकटे उडता आणि त्याला थवा म्हणता."

दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या धुक्यात शिकवणी सुरू झाली. तलावात वठलेली झाडे उभी होती. सारसीच्या सांगण्यावरून नायक मुद्दाम त्यांच्या दिशेने उडे. समोर काय आहे आणि कुठे वळायचे, हे हंसीने स्पष्ट सांगायचे. नायकाने तेच शब्द पुन्हा म्हणून दाखवायचे. त्याचे उत्तर आले नाही, तर तिने आणखी मोठ्याने सांगायचे. तरीही आले नाही, तर तिने पुढे व्हायचे आणि नायकाने निमूटपणे मागे यायचे.

हे सोपे नव्हते. हंसी अर्धेच बोलून थांबे. तिने तोंड उघडले की नायकाची मान ताठ होई. एकदा तो खेकसला, "दिसतंय मला!"

"खाली उतरा," सारसी ओरडली. "तुला दिसतंय, हे तिला कसं कळणार? आणि उद्या दिसलं नाही, तर ती पुन्हा तोंड उघडेल का?"

नायक खाली उतरला. मग हंसीला म्हणाला, "चल, पुन्हा जाऊ." हिवाळा सरेपर्यंत थव्यातला प्रत्येक जण आळीपाळीने दोन्ही जागांवर उडायला शिकला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी थवा परत निघाला. त्याच खिंडीत पुन्हा ढगांनी गाठले. नायकाला या वेळी वाटेची पक्की खात्री होती. तेवढ्यात हंसीचा आवाज आला, "समोर कडा आहे. उजवीकडे वळा."

"समोर कडा. उजवीकडे वळतो," नायक म्हणाला आणि क्षणभरही न थांबता वळला. सारा थवा वळला, वाऱ्याविरुद्ध उडत राहिला, धापा टाकू लागला. मग ढग फाटले. मागे कडा नव्हता. काळ्या ढगाची सावली तेवढी होती. वाट मोकळीच होती.

थव्यात कुजबुज सुरू झाली. "उगाच दमवलं सगळ्यांना," कोणीतरी म्हणाले. हंसीला मान वर करवेना. "माझं चुकलं. आता नीट खात्री झाल्याशिवाय बोलणार नाही," ती म्हणाली.

"असं करू नकोस," नायक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "ढगात खात्री होईपर्यंत कडा अंगावर येतो. आज आपले पंख दमले, ते उद्या ताजे होतील. तुला जे दिसेल ते सांगत राहा. आणि आता मीही दमलोय. थोडा वेळ तू पुढे हो."

हंसी पुढे झाली. नायक तिच्या उजव्या पंखामागे आला, आणि सारा थवा पर्वत ओलांडून सुखरूप सरोवरावर उतरला.

तात्पर्य : सोबत्याने शंका वेळीच आणि स्पष्ट बोलून दाखवावी, आणि ती खोटी ठरली तरी त्याला पुन्हा बोलावेसे वाटेल, असे पुढाऱ्याने वागावे.